नऊ माणसांचं दुकान

माझ्या भाऊजींच्या दुकानात दहावं माणूस चालत नसे. गिऱ्हाईक कितीही चाले. पण काउंटरच्या आतल्या बाजूला, कापडाच्या ताग्यांमध्ये किंवा मागच्या शिलाईच्या खोलीत दहावं डोकं दिसलं की भाऊजींचा चेहरा उतरायचा. मी त्यांच्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. तरी बडोद्याच्या लहरीपुऱ्यातल्या त्या दुकानाशी माझं सगळं बोलणं पायरीवरून झालं. एक पाय वर ठेवला की आतून आवाज यायचा, "थांब थांब. रमणभाई आलेत का बघू दे. आलेत. मग तू तिथेच बरी."

मागे रिक्षांचे हॉर्न, बाजूला बांगड्यांची हातगाडी, आणि मी ताईने दिलेला डबा घेऊन पायरीवर. भाऊजी आतून हात लांब करून डबा घेत आणि वर समजावून सांगत, "वाचनालय, राग मानू नकोस. नऊ म्हणजे घर, दहा म्हणजे सरकार."

मी एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून ते मला 'वाचनालय' म्हणत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "वाचनालयाला जिलबी वाढा रे," असं ते ओरडले की वाढपी इकडेतिकडे बघत राहायचा.

भाऊजी गेले त्यानंतरची पहिली दिवाळी नुकतीच झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असा रिवाज आहे. भाऊजींबद्दल चांगलं लिहायला बसले की हात अडतो, आणि वाईट लिहायला घेतलं की पानं भरतात. तेव्हा आधी जे भरभर येतंय ते लिहिते.

रघुनाथराव त्यांचं नाव. शाळांचे गणवेश शिवून विकण्याचा धंदा. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, हे ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. पणजोबा कोणाशी लढले हे घरात कोणालाच माहीत नाही. पणतू जन्मभर कामगार कायद्याशी लढला, आणि तोही पाठ दाखवून.

तो कायदा मला पाठ आहे, कारण मी तो पायरीवर उभी राहून शेकडो वेळा ऐकला. दुकानात नोकर दहापेक्षा कमी असले की बरेचसे कायदे रस्त्याच्या पलीकडून निघून जातात. किमान पगार एका नोकरालाही द्यावा लागतो, तो भाऊजी देत, आणि एक तारखेला देत. पण दहावा माणूस पगारावर आला की आजारपणाचा विमा, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची पगारी रजा ही सगळी मंडळी एकाच दिवशी दार वाजवतात. भाऊजींनी दार उघडायचंच नाही असं ठरवलं होतं. एक माणूस काम सोडून गेला आणि पायरी उतरला, की मग दुसऱ्याने चढायची. जाणाऱ्याने निरोपाचा चहा पीत वेळ काढला तर येणारा समोरच्या चपलांच्या दुकानाखाली उभा.

एकदा रमणभाईंचा भाऊ गावाहून आला. रमणभाई म्हणजे भाऊजींचे कापड बेतणारे कटर, दुकानातले सगळ्यांत जुने. भाऊ शेतातली वांगी घेऊन आला होता आणि आत स्टुलावर बसून पाणी पीत होता. भाऊजींनी मान वळवून मोजलं आणि उठून उभे राहिले.

"हा कोण?"

"मारो भाई छे, काका."

"असेल. पण भाऊ आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलंय का? इन्स्पेक्टर आला तर तो काय बघेल? दहा."

"इन्स्पेक्टर वांगी पण बघेल ने," रमणभाई म्हणाले. बडोद्याच्या बाजारात जन्म काढल्यामुळे ते मराठी बोलत, पण शेवटी 'ने' लावल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नसे. "वांगीवाळा कामगार कुठे असतो?"

भाऊ वांग्यांसकट पायरीवर आला. तिथे मी होतेच. आम्ही दोघांनी वांग्यांच्या भावाविषयी बोलून घेतलं.

मी त्यांना सांगून पाहिलं. "भाऊजी, कायदा पगारावरची माणसं मोजतो. उभी असलेली नाही. मी वाचलंय."

"तू वाचलंयस. इन्स्पेक्टर वाचून येत नाही. तो डोकी मोजत येतो."

आता त्या दुकानात त्यांच्या हयातीत इन्स्पेक्टर कधी आला असं मला आठवत नाही. एकदा एक गृहस्थ सफारी घालून आले आणि त्यांनी आत नजर फिरवली, तेव्हा भाऊजींनी काज-बटण करणाऱ्या मुलीला आणि मशीनवरच्या इक्बालभाईंना मागच्या दाराने गल्लीत पाठवलं. गृहस्थ नातवाची हाफ पँट बदलायला आले होते. मुळात नऊच होते, मग दोघांना का पाठवलंत, असं मी विचारलं. "सात असले की माणूस निवांत बोलतो," भाऊजी म्हणाले.

हे ज्ञान त्यांनी मिळवलं कुठून, तर व्याख्यानांतून. छोट्या दुकानदारांसाठी 'नोकर ठेवताना काय काळजी घ्यावी' अशा विषयावर कोणी तरी वकील कधी तरी फुकट बोलतो, आधी खमण आणि नंतर चहा असतो. भाऊजींनी असं एकही व्याख्यान सोडलं नाही. ते पहिल्या रांगेत बसत, खमणाच्या दोन बशा घेत, आणि शेवटी उभं राहून दरवर्षी तोच प्रश्न विचारत: "दहावा कधीपासून धरायचा?" नव्या वकिलाला तो प्रश्न खोल वाटे. जुने वकील त्यांना बघितल्यावर प्रश्नोत्तरं रद्द करत.

तिथून ते शब्द घेऊन घरी येत आणि दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरात ते शब्द ताईला सोसावे लागत. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तर त्याला काढून टाकायचं नाही, आधी तोंडी 'कारणे दाखवा'. दूधवाला म्हणायचा, "म्हैसच पाणी जास्त पिते." भाऊजी म्हणायचे, "खुलासा समाधानकारक नाही, पण नोंद घेतली." मग त्याच दुधाचा चहा. आमटी खारट झाली तर ताईची बाजू ऐकून घेतल्याशिवाय ते तोंड वाकडं करत नसत. नैसर्गिक न्याय म्हणे. ताई म्हणाली, "माझी बाजू अशी की मला कंटाळा आलाय." त्यावर त्यांच्याकडे कलम नव्हतं.

ताईला त्यांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी जाहीर केली होती. त्या दिवशी तिने स्वयंपाक करायचा नाही, बाहेरून शेव-उसळ आणायची. शेव-उसळ आणायला भाऊजी कधीच उठले नाहीत, त्यामुळे ताई रविवारीही रांधत असे. मग ते गंभीरपणे म्हणत, "सुट्टीच्या दिवशी काम केलंस, तुझी बदली रजा जमा झाली." ताई मला सांगायची, "पुष्कळ जमल्यात गं. एकदम घेईन म्हणते." पुढे तिने त्या एकदमच घेतल्या. त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि त्या गोष्टीबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही.

ताई गेल्यावर भाऊजी घरी एकटे पडले. मुलगा अभिजित गोत्रीला, लिफ्ट आणि व्यायामशाळा असलेल्या सोसायटीत राहायला गेला होता. त्याने कुठली तरी मोठी व्यवस्थापनाची पदवी घेतली होती आणि मोठ्या कंपनीत काही वर्षं काढून तो दुकानात परत आला, मालकाचा मुलगा म्हणून, नऊच्या मोजणीबाहेर. भाऊजींचा मला राग येत असे. अभिजितबद्दल जे वाटतं त्याला राग हा शब्द पुरत नाही. तो नोकरांना नोकर म्हणत नसे, 'टीम' म्हणे. टीमचा मोबाइलवर ग्रुप काढला. त्यावर रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र आणि कष्टाचं महत्त्व. मशीनवर बसून ज्यांचे खांदे उतरलेत त्यांना हा सकाळी सकाळी कष्टाचं महत्त्व पाठवणार.

"मावशी, आपण एक फॅमिली आहोत," तो मला म्हणाला.

"आपण दोघं आहोत, ते माहीत आहे मला. बाकीच्यांचं काय?"

"टीम पण फॅमिलीच. म्हणून तर पेपरवर्क ठेवलं नाही. फॅमिलीत कुठे पेपरवर्क असतं?"

बापाला कायदा माहीत होता म्हणून तो नऊवर थांबला. मुलाला काहीच माहीत नव्हतं, तो प्रेमावर थांबला. मला विचाराल तर बाप परवडला.

अभिजितला दुकान आपल्या नावावर हवं होतं. त्याशिवाय बँकेचं कर्ज मिळत नव्हतं आणि शाळांशी ऑनलाइन करार करता येत नव्हते. भाऊजी दर वेळी म्हणत, "बघू, व्याख्यान ऐकून सांगतो."

अशात हेतलचं उघड झालं.

हेतल म्हणजे ती काज-बटण करणारी मुलगी. लग्न होऊन तिला थोडेच दिवस झाले होते. सकाळी काउंटरवर मापं घ्यायची, दुपारी मागे बसून काजं करायची. नवरा कारखान्यात कंत्राटावर, म्हणजे बोलावलं तर कामावर, नाही तर खाटेवर. घर चालायचं ते हिच्या पगारावर. गेल्या वर्षीची दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस मी पायरीवर उभी होते, तेव्हा ती माप घ्यायची टेप गळ्यात घालून बाहेर आली आणि माझ्या कानाशी बोलली.

"मासी, मला दिवस राहिलेत. काका मने काढी मूकशे?"

आधी मराठीत सुरुवात केली आणि भीतीचं बोलायची वेळ आली तेव्हा ती आपल्या भाषेत गेली. काका मला काढून टाकतील का. मी म्हटलं, "मी बोलते."

बोलले. रस्त्यावरून आत, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या हळू.

"भाऊजी, हेतलला बाळंतपणाची पगारी रजा द्या. आणि परत आली की तिची जागा तिला द्या."

"किती आहोत आम्ही?"

"नऊ."

"मग नाही लागत."

"कायदा लागत नसेल. माणुसकी?"

भाऊजी एका शर्टाची घडी घालत होते. ती पूर्ण केली. "माणुसकी किती माणसांपासून लागू होते ते कुठे लिहिलेलं नाही, वाचनालय. म्हणून ती कुणालाच लागू होत नाही."

मी घरी गेले. त्या वाक्याचा मला इतका संताप आला की मी ते पुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवलं, पुस्तक माझं असूनसुद्धा.

अभिजितने तर जास्त सोपं केलं. तो म्हणाला, "पोट दिसायच्या आधी थांबवू. म्हणजे प्रश्नच नाही. नंतर यायचं असेल तर बघू, टीममध्ये जागा असली तर." हे त्याने हेतलच्या समोर, हसत, खांद्यावर हात ठेवल्यासारखं बोलून सांगितलं. महिना अखेरपर्यंतच यायचं ठरलं. हेतल "हो सर" म्हणाली. भाऊजी गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. मान हलवली म्हणे. रमणभाईंनी मला ते सांगितलं, त्याच संध्याकाळी, दांडिया बाजारात भाजी घेताना.

"काका कंई बोलले नाही. मी वाट बघितली ने."

त्यानंतर मी पायरीवर जाणं बंद केलं. ताई असती तर तिने एकदा तरी त्यांना उपाशी ठेवलं असतं, असं मनात येत राहिलं. भाऊजींचा फोन आला तर मी उचलत नसे. ते मोबाइल कानाला न लावता समोर धरून बोलत, त्यामुळे उचलला असता तरी मला पंखाच ऐकू आला असता.

पण महिना संपायच्या आत ते स्वतः माझ्या घरी आले. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दुकान अभिजितच्या नावावर करतोय. सत्यनारायण ठेवलाय. ये."

"कुठे, पायरीवर?"

"आत ये."

मी गेले, कारण त्यांचा चेहरा बरा दिसत नव्हता. डॉक्टरांनी हृदयाचं काही सांगितलंय हे मला अभिजितच्या बायकोकडून कळलं होतं. ते स्वतः कुणाला सांगत नव्हते. विचारलं तर म्हणत, "खुलासा मागवलाय."

दुकानात काउंटर बाजूला सरकवून चौरंग मांडला होता. अभिजितने नवा कुडता घातला होता. त्याचे सीए आले होते, गोरे, गोल, प्रसादाच्या शिऱ्याकडे लक्ष ठेवून. कागदांवर सह्या आधीच झाल्या होत्या. दुकान मुलाचं झालं. पूजा आटोपल्यावर भाऊजी सगळ्यांसमोर मुलाला म्हणाले, "आता माझी एक अट होती, तीही पूर्ण झाली. सांग सगळ्यांना."

अभिजित कौतुकाने हसला. "बाबांना घरी बसवत नाही. म्हणाले, मला पगारावर ठेव. ठेवलं. शिलाई आणि कटिंग बघणार. नेमणूकपत्रसुद्धा मागून घेतलं." टीमने टाळ्या वाजवल्या.

"आम्हीच सुचवलं असतं," सीए म्हणाले. "पगार खर्चात दाखवता येतो."

"हजेरी कालपासून लागली," भाऊजी म्हणाले. "अभिजित, मोज आता."

"काय मोजू?"

"नोकर."

अभिजितने बोटाने मोजायला सुरुवात केली. रमणभाई, इक्बालभाई, काउंटरवरची पोरं, हेतल. नऊ झाले. मग त्याचं बोट बापासमोर येऊन थांबलं. सीएंनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. त्यांना मुलाच्या आधी कळलं होतं.

"बाबा, तुम्ही थोडेच नोकर आहात?"

"मालक होतो तोवर मालकाला कोणी मोजत नव्हतं. आता मालक तू. मी पगार घेतो, वेळेवर येतो, सांगितलेलं काम करतो. कागदापुरता खोटा नोकर असतो तर गोष्ट वेगळी. नेमणूकपत्रावर सही तुझी आहे."

"मग?"

"मग दहा. आता हेतलला काढता येत नाही. पोटात मूल आहे म्हणून बाईला काढणं गुन्हा आहे, हे आजपासून तुलाही लागू. ती वर्षभर कामावर आहे, तिला पगारी रजा बसते. विमा घ्यावा लागेल, तो सगळ्यांचा. साहेबांना विचार."

सीए छताकडे बघून म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे."

अभिजितचा आवाज पहिल्यांदाच टीमला शोभणार नाही असा झाला. "मग उद्या राजीनामा द्या तुम्ही. नऊ होतील परत."

"देतो की. तिच्या रजेला मागच्या बारा महिन्यांत दहा नोकरांचा एक दिवस पुरतो, तो काल भरला. आणि ग्रॅच्युइटी एकदा लागली की मी मेलो तरी सुटत नाही. दहावा कधीपासून धरायचा हे मी उगाच विचारत नव्हतो."

हेतल हातात प्रसादाचा द्रोण घेऊन उभी होती आणि तिला मराठीतलं अर्धंच कळलं असावं, कारण तिने रमणभाईंकडे पाहिलं. रमणभाईंनी तिला गुजरातीत हळूच सांगितलं. ती खाली बसली.

बाहेर पडताना मी भाऊजींना गाठलं. "हे सरळ देता आलं असतं. मालक तुम्हीच होता. रजा देतो म्हणाला असतात की झालं असतं. एवढं नाटक कशाला?"

"मी दिली असती तर मी असेपर्यंत. माझी माणुसकी अभिजितला वारशाने जात नाही. दुकान जातं, आणि दुकानाबरोबर हे जातं." छातीवर हात ठेवून ते थोडे थांबले. "शिवाय मी दिली असती तर ती मुलगी जन्मभर माझ्या पाया पडली असती. ते मला आवडत नाही. आता तिने कुणाच्या पाया पडायचं?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं बाकीच्यांना का नाही दिलंत मग?"

याचा खुलासा मला आजही मिळालेला नाही. रमणभाईंच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हाही हे दुकान नऊचंच होतं, हे मी विसरलेले नाही आणि ते विसरून हे लिहिणार नाही.

नोकर म्हणून भाऊजी अत्यंत वाईट निघाले. मालक असताना त्यांनी दिले नाहीत ते सगळे हक्क त्यांनी नोकर झाल्यावर एकेक करून मागितले. पिण्याच्या पाण्याला फिल्टर नाही. शिलाईच्या खोलीत पंखा एकच आहे, तोही आवाजापुरता. बायकांसाठी वेगळं बाथरूम नाही. ही खोली, हा पंखा आणि हे पाणी गेली कित्येक वर्षं कोणाच्या कृपेने असं होतं, ते अभिजितने विचारलं तर ते म्हणत, "आधीच्या मालकाचं मला माहीत नाही." साप्ताहिक सुट्टी ते पूर्ण घेत. एकदा दुपारी डोळा लागला म्हणून अभिजित बोलला, तर म्हणाले, "लेखी दे." पंखे मात्र आले. फिल्टरही आला. अभिजितने ग्रुपवर फिल्टरचा फोटो टाकून खाली लिहिलं की टीमचं आरोग्य हीच आमची संपत्ती.

हेतलला मुलगी झाली. भाऊजी बघायला गेले नाहीत. त्यांनी पहिलीचा गणवेश पाठवला, कारण दुकानात त्याहून लहान माप नव्हतं.

शाळा सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस होते. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं आयांचे हात सोडून पळत होती, आणि मी काही कामासाठी लहरीपुऱ्यात गेले होते. दुकानात शिरले. आता मला कोणी थांबवत नव्हतं. काउंटरवर अभिजित घामाघूम होऊन एकटाच मापं घेत होता.

"भाऊजी कुठे?"

"जेवणाची सुट्टी," तो दात आवळून म्हणाला. "अर्धा तास. सीझनमध्ये. सगळी टीम एकाच वेळी."

मी मागच्या खोलीत गेले. मशीनं बंद होती. कापडाच्या चिंध्या बाजूला झाडून सगळे जमिनीवर गोल करून बसले होते आणि डबे मध्ये उघडे होते. भाऊजी मांडी घालून इक्बालभाई आणि रमणभाईंच्या मध्ये. त्यांना मी जेवताना कायम गल्ल्यावर पाहिलं होतं, एका हाताने घास आणि दुसरा ड्रॉवरवर, तोंड रस्त्याकडे. ताईचा डबा ते उभ्याने संपवत. ती गेल्यावर ते काय खात होते, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता त्यांच्या डब्यात स्वतः केलेली बटाट्याची भाजी होती, एका बाजूने करपलेली. रमणभाई न विचारता ती आपल्या ताटलीत घेत होते आणि त्यांच्या बायकोचे थेपले भाऊजींच्या डब्यात ठेवत होते. बोलणं चाललं होतं ते नव्या मालकाबद्दल. चांगलं बोलत नव्हते. भाऊजी सगळ्यांत जास्त बोलत होते. मला बघून थांबलेही नाहीत.

"आवो ने, बेन, जेवा," रमणभाई म्हणाले.

गोलात एके ठिकाणी मोकळी जागा होती, भिंतीला लागून, चौघडी घातलेली गोधडी अंथरलेली. पाठीला टेकायला बरी म्हणून मी तिकडे वळले.

"तिथे नको," भाऊजी म्हणाले.

मी थांबले.

"ती हेतलची जागा आहे. रजेवर आहे ती."

बाकीचे जेवत राहिले. त्यांना यात काही सांगण्यासारखं वाटलं नाही. भाऊजींनी आपला डबा उचलला, रमणभाईंना कोपराने थोडं पलीकडे सरकवलं, स्वतःही सरकले, आणि माझ्यापुरती जमीन हाताने झाडली.